दिवाळीनंतरच्या शाळेसाठी हातविणीचा हाफ स्वेटर आणि बाटलीची पिशवी: मापापासून धुण्यापर्यंत, क्रमाने

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की हाताने विणलेले स्वेटर शाळेत दिसायला लागतात. त्यातले कितीतरी मांडीपर्यंत लोंबत असतात. कितीतरी डोक्यातून जातच नाहीत म्हणून घरी कपाटात पडून राहतात. विणणारीचा हात चांगला असतो, टाके एकसारखे असतात, तरीही हे होतं. कारण चूक पहिला टाका घालण्याआधीच झालेली असते. लोकर गरजेपेक्षा जाड घेतलेली असते, सुईचा नंबर भलताच असतो, आणि नमुना तर विणलेलाच नसतो.

"ताई, माप तर बरोबर घेतलं होतं, मग स्वेटर मोठा कसा झाला?" हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकावा लागतो, की सगळी प्रक्रिया एकदा क्रमाने लिहून काढायची ठरवली. इथे दोन वस्तू सविस्तर दिल्या आहेत: सुती दोऱ्याची क्रोशाची बाटली-पिशवी आणि दोन सुयांवरचा व्ही गळ्याचा हाफ स्वेटर. उरलेल्या लोकरीची कानपट्टी शेवटी थोडक्यात आहे. आकडे आठ वर्षांच्या आसपासच्या, २४ इंच छातीच्या मुलासाठी आहेत. दुसऱ्या मापासाठी हिशेब कसा करायचा तेही सांगितलं आहे.

आधी ठरवा: काय विणायचं आणि कधी

सोलापूरची थंडी सकाळची असते. डिसेंबरात पहाटे पारा साधारण १५-१६ अंशांवर येतो आणि त्याच दिवशी दुपारी ३०च्या आसपास जातो. सकाळच्या शाळेत सातला घातलेला स्वेटर मधल्या सुट्टीत अंगातून निघतो आणि दप्तरात कोंबला जातो. म्हणून इथे जाड लोकरीचा, पूर्ण बाह्यांचा, उंच गळ्याचा स्वेटर विणू नका. मूल तो घालत नाही, आणि घातला तर घामाघूम होतं. पातळ लोकर, बिनबाह्या, व्ही गळा. गणवेशाच्या शर्टावर हे बेताचं होतं आणि घडी करून दप्तरात मावतंही.

वेळेचा क्रम असा ठेवा. नवरात्रात मापं घ्या, दोरा-लोकर आणा, नमुने विणा. ऑक्टोबरच्या उकाड्यात बाटलीची पिशवी करा, कारण सुती दोरा घामट हाताला चिकटत नाही. स्वेटर दिवाळीच्या सुट्टीत हातात घ्या. नोव्हेंबरअखेर तो तयार असला, तर खऱ्या थंडीच्या आधी एकदा धुऊन, घालून बघायला वेळ राहतो. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला, गड्ड्यावर म्हणजे तिथल्या जत्रेत रात्री फिरताना अंगात काहीतरी हवंच असतं. तोवर बिनधास्त वापरात आलेला स्वेटर हवा.

उकाड्यात लोकर विणावीच लागली तर हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून बसा. हाताला पावडर लावायची सवय बऱ्याच जणींना असते. फिक्या रंगाला ती चालते. नेव्ही ब्लू किंवा मरून लोकरीवर मात्र टाक्यांच्या खाचांत पांढरी भुकटी बसते आणि पहिल्या धुण्याआधी निघत नाही.

टप्पा १: सामान आणण्याआधी दोन गोष्टी

पहिली, शाळेला रंग विचारा. बहुतेक शाळांचा स्वेटरचा रंग ठरलेला असतो: नेव्ही ब्लू, मरून, राखाडी, बाटली हिरवा. काही शाळांत गळ्याला पट्टी लागते. "साधारण निळा" असं ऐकून आणलेला निळा हमखास वेगळा निघतो. गणवेशाचा तुकडा किंवा पँट बरोबर घेऊन जा आणि रंग दुकानाबाहेर, उन्हात जुळवा. ट्यूबलाइटखाली नेव्ही ब्लू आणि काळा सारखेच दिसतात.

दुसरी, मुलाचं माप आजचं घ्या. गेल्या वर्षीच्या वहीतलं चालणार नाही. शर्टावरून चार मापं हवीत.

छातीचा घेर: काखेखालून, टेप सैल धरून. आपल्या उदाहरणात २४ इंच.
उंची: खांद्याच्या टोकापासून कमरेच्या खाली दोन बोटांपर्यंत. १७ इंच.
मुंढा: खांद्यापासून काखेच्या खाली एक इंचापर्यंत, सरळ रेषेत. साडेसहा इंच.
डोक्याचा घेर: कपाळावरून, कानांच्या वरून. साधारण २१ इंच. हे माप कुणीच घेत नाही आणि गळा अडकतो तो इथेच.

टप्पा २: लोकर, दोरा आणि सुया

स्वेटरसाठी पातळ, फोर-प्लाय म्हणून मिळणारी ॲक्रिलिक लोकर घ्या. घरी रोज धुता येते, टोचत नाही, स्वस्तही पडते. या मापाला साधारण १५० ग्रॅम लागते. २०० ग्रॅम घ्या आणि सगळी एकाच वेळी घ्या. गोळ्याच्या कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाबरोबर लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, छापलेला असतो. सगळ्या गोळ्यांवर तो एकच आहे ना, हे दुकानातच बघा. रंग तोच पण लॉट वेगळा असला तर घरी शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक दिसत नाही. विणल्यावर मात्र छातीवर आडवी रेघ उमटते.

पिशवीसाठी पीळदार सुती दोरा हवा, साधारण साडेतीन मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुईला चालेल एवढ्या जाडीचा. सोलापुरात सूत सहज मिळतं, म्हणून चादरी-टॉवेलांच्या कारखान्याकडचं कोनवरचं सूत घेण्याचा मोह होतो. ते मागासाठी केलेलं असतं. त्याचे पाच-सहा पदर एकत्र धरून विणायला गेलं की सुईचं नाक पदरांच्या मधे घुसतं, एखादा पदर मागे राहतो आणि तिथे लूप बाहेर लोंबतो. टॉवेलाच्या फुलासाठीच्या, म्हणजे वर उभ्या राहणाऱ्या लुपांच्या, मऊ सुताला पीळही कमी असतो, ते झिजून लव सोडतं. ते सूत वापरायचंच असेल तर पदर आधी चरख्यावर किंवा टकळीवर एकत्र पिळून घ्या.

*इशारा:* गडद लाल, मरून, गडद निळा सुती दोरा असेल तर वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासा. फडक्यावर रंग उतरला तर तो दोरा पांढऱ्या शर्टाशेजारी लटकणाऱ्या पिशवीला नको.

आता सुईचा नंबर. सगळ्यात जास्त स्वेटर इथेच बिघडतात. आपल्या दुकानात विणायच्या सुया जुन्या ब्रिटिश नंबरांनी मिळतात आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १२ नंबर म्हणजे साधारण पावणेतीन. अमेरिकी नंबर उलटे चालतात. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची आणि १० नंबरची ६ मिलिमीटरची असते. व्हिडिओत "साइझ टेन" ऐकून इथली १० नंबर घेतली की हाती जवळजवळ निम्म्या जाडीची सुई येते. म्हणून कुठलाही नमुना वाचताना नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

या स्वेटरला १० नंबर अंगासाठी आणि १२ नंबर पट्ट्यांसाठी. शिवाय एक ९ नंबर जवळ ठेवा, ती टाके बंद करताना लागेल. मोठ्या सेफ्टी पिना सहा-सात, बोथट टोकाची लोकरीची सुई, टेप, आणि ओळी मोजायला कागद-पेन्सिल.

टप्पा ३: नमुना, आणि तो धुऊनच मोजायचा

१० नंबर सुईवर ३६ टाके घाला आणि एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा ४४ ओळी विणा. सैल बंद करा. आता तो नमुना स्वेटर जसा धुणार तसा धुवा, टॉवेलावर पसरून वाळवा, ओढू नका. वाळल्यावर कडा सोडून मधल्या ४ इंचांत किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा.

हवेत ४ इंचांत २८ टाके आणि ३६ ओळी. म्हणजे इंचाला ७ टाके, ९ ओळी.

फरक किती महाग पडतो बघा. तुमचा हात थोडा सैल आहे आणि इंचाला ७च्या जागी साडेसहा टाके बसले. नमुन्यावर हे डोळ्यांना दिसतही नाही. पण २७ इंच घेराचा ठरवलेला स्वेटर २९ इंचांचा होतो. उलट, हात घट्ट असून साडेसात बसले तर घेर २५ इंचांवर येतो आणि शर्टावर तो अंगाला आवळून बसतो. "ताई, माप तर बरोबर घेतलं होतं" याचं उत्तर या अर्ध्या टाक्यात आहे.

टाके २८पेक्षा कमी आले तर एक नंबर बारीक सुई घ्या, म्हणजे ११. जास्त आले तर ९. हात मुद्दाम घट्ट किंवा सैल करून जमवू नका. दहा-बारा ओळींनंतर हात आपल्या सवयीवर येतोच.

*तपासा:* न धुतलेल्या नमुन्याचं माप आणि धुतलेल्याचं माप दोन्ही वहीत लिहा. धुतल्यावर फरक पडत असेल तर तो नेहमी उंचीत जास्त दिसतो. विणताना टेपने मोजलेली उंची का फसवते ते मग लक्षात येतं.

टप्पा ४: हिशेब कागदावर

छातीत ३ इंच मिळवा, कारण आत शर्ट आहे आणि मूल वाढतं आहे. निम्मे करा. इंचाच्या टाक्यांनी गुणा. शिवणीसाठी २ टाके घाला. बेरीज सम आकड्यावर आणा.

२४ अधिक ३ म्हणजे २७. निम्मे साडेतेरा. गुणिले ७ म्हणजे साडेचौऱ्याण्णव, धरा ९४. अधिक २ म्हणजे ९६ टाके. पाठीला ९६, पुढच्या भागालाही ९६.

छाती २६ असेल तर याच रीतीने १०४ येतात, २८ असेल तर ११०. वाढीव टाके मुंढा, खांदा आणि गळा यांत वाटावे लागतात. ते वाटप विणायला बसण्याआधी कागदावर करा. सुई हातात घेतल्यावर करायला गेलात की दोन्ही भाग वेगळे होतात.

३ इंचांपेक्षा जास्त सैल ठेवू नका. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून ६ इंच वाढवलेला स्वेटर यंदा मूल घालत नाही आणि पुढच्या वर्षी त्याचा रंग उडालेला असतो. वाढ उंचीत ठेवायची असेल तर खालच्या पट्टीत एक इंच जास्त विणा, ती दुमडता येते.

टप्पा ५: पिशवी आधी

हिला स्वेटरच्या आधी घ्यायचं कारण उकाडा तर आहेच. शिवाय शाळेत बाटली रोजच न्यायची असते. आणि क्रोशाने टाके मोजायची सवय लागते, ती पुढे स्वेटरला उपयोगी पडते.

एक गोष्ट आधी स्पष्ट करून घ्या. अमेरिकी व्हिडिओत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्याला ब्रिटिश पुस्तकात डबल क्रोशे म्हणतात, आणि आपला तो मुका खांब. अमेरिकी डबल क्रोशे म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, आपला साधा खांब. पुस्तक एक आणि व्हिडिओ दुसरा असं मिसळलं की पिशवीची उंची दुप्पट होते.

तळ: बोटावर दोऱ्याचं कडं करून त्यात ६ मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येकात दोन, म्हणजे १२. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, म्हणजे १८. चौथीत दोन टाक्यांत एकेक, पुढच्यात दोन. असं दर फेरीला ६ वाढवत सातव्या फेरीला ४२ करा. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा. फेरी कुठे संपली हे नजरेने शोधायला गेलात तर एखादा टाका वाढतो आणि तळ झालरीसारखा लाटा घेतो.

*तपासा:* तळ बाटलीच्या बुडाला लावा. तो बुडापेक्षा अगदी थोडा लहान हवा, दोऱ्याच्या जाडीएवढा. ३ इंच व्यासाच्या स्टीलच्या बाटलीला ४२ टाके पुरतात. बरोबर किंवा मोठा झाला असेल तर शेवटची फेरी उसवा, कारण सुती जाळी भरलेल्या बाटलीच्या वजनाने पसरते.

भिंत: तीन फेऱ्या वाढ न करता मुके खांब. मग जाळी: ४ साखळ्या (३ खांबाच्या, १ मोकळी), एक टाका सोडून पुढच्यात खांब, एक साखळी, पुन्हा एक सोडून खांब. फेरी संपली की सुरुवातीच्या चारातल्या तिसऱ्या साखळीत जोडा. अशी २१ घरं दर फेरीला मोजा. बाटली आत ठेवूनच विणत जा. बाटलीच्या खांद्याच्या एक इंच खाली थांबा आणि शेवटच्या दोन फेऱ्या मुक्या खांबांच्या करा, ४२ टाक्यांच्या.

पट्टा: क्रोशाचा नुसता पट्टा पाण्याने भरलेल्या बाटलीखाली ताणला जातो. सोमवारी कमरेला असलेली पिशवी शुक्रवारी गुडघ्याला आदळते. उपाय सोपा आहे. मुलाच्या खांद्यावरून तिरकी नाडी धरून, बाटली कमरेच्या वरच राहील असं माप घ्या. तेवढी जाड सुती पट्टी कापा. क्रोशाचा पट्टा ७ मुक्या खांबांच्या रुंदीचा, त्या मापापेक्षा २ इंच आखूड विणा. मग तो पट्टीएवढा ताणून पट्टीवर शिवा. वजन पट्टी घेते आणि क्रोशा वर छान दिसतो.

*इशारा:* पट्टा कमरेखाली लोंबता ठेवू नका. रिक्षाच्या दांडीत, बसच्या दारात तो अडकतो.

*तपासा:* बाटली काठोकाठ भरून पिशवी रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी माप तेच असेल तर ती शाळेत जायला तयार आहे.

टप्पा ६: पाठ

१२ नंबर सुईवर ९६ टाके. टाके घट्ट घालायची सवय असेल तर दोन सुया एकत्र धरून घाला आणि मग एक काढून घ्या. एक टाका सुलट, एक टाका उलट अशी पट्टी २ इंच.

१० नंबरवर या. साध्या विणीच्या (एक ओळ सुलट, एक ओळ उलट) ७६ ओळी. इथे टेप वापरू नका, ओळी मोजा. दर दहा ओळींनी कडेला सेफ्टी पिन लावली तर मोजणी चुकत नाही. पाठ टेपने आणि पुढचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा टेपने मोजला, की शिवताना एक बाजू बोटभर जास्त निघते.

कडेचा पहिला टाका न विणता घ्यायची सवय बऱ्याच जणींना आहे. पट्टी किंवा मफलरला ती ठीक आहे. इथे मुंढ्याला आणि गळ्याला कडेवरून टाके उचलायचे आहेत, आणि न विणलेल्या टाक्यांच्या कडेवर उचललेल्या टाक्यांत भोकं पडतात. या स्वेटरला प्रत्येक टाका विणा.

नवीन गोळा कडेलाच जोडा. मधे मारलेली गाठ तिसऱ्या-चौथ्या धुण्याला वर येते.

मुंढा: पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला ६-६ टाके बंद. राहिले ८४. नंतर दर सुलट ओळीला दोन्ही कडांनी एकेक घट, ८ वेळा. राहिले ६८. घट अगदी कडेवर करू नका, कडेचा एक टाका सोडून आत करा. ओळीच्या सुरुवातीला एक टाका न विणता घ्या, पुढचा सुलट विणा आणि न विणलेला त्यावरून ओढून घ्या. ओळीच्या शेवटी दोन टाके एकत्र सुलट. दोन्हीकडे एकच रीत केली तर एका मुंढ्याची रेघ आत झुकते आणि दुसऱ्याची बाहेर.

मुंढ्यापासून एकूण ५८ ओळी होईपर्यंत सरळ विणा. १८ टाके बंद करा, मधले ३२ पिनेवर ठेवा, राहिलेले १८ बंद करा.

*तपासा:* पाठ मुलाच्या गणवेशाच्या शर्टावर पसरा. काखेखाली रुंदी साडेतेरा इंच हवी. पाऊण इंचाहून जास्त फरक असेल तर पुढचा भाग सुरू करू नका. पाठ उसवा. "पुढच्या भागात सांभाळून घेऊ" म्हणून विणलेले दोन भाग कधीच जुळत नाहीत.

टप्पा ७: पुढचा भाग

पट्टी, ७६ ओळी आणि मुंढ्याचे ६-६ टाके बंद करणं पाठीसारखंच. सुईवर ८४. आता त्याचे ४२-४२ दोन भाग करा, एक पिनेवर.

इथे दोन घटी एकाच वेळी चालतात आणि गोंधळ तिथेच होतो. कागदावर दोन रकाने आखा. मुंढ्याच्या रकान्यात ८ रेघा: दर दुसऱ्या ओळीला एक. गळ्याच्या रकान्यात १६ रेघा: पहिल्या ६ दर दुसऱ्या ओळीला, पुढच्या १० दर चौथ्या ओळीला. घट केली की रेघ खोडा. ४२ मधून ८ आणि १६ गेले की १८ राहतात, पाठीच्या खांद्याइतकेच. गळ्याच्या घटी ५२ ओळींत संपतात. शेवटच्या ४ ओळी सरळ विणा आणि टाके बंद करा.

दुसरी बाजू उलट्या क्रमाने, म्हणजे गळा आता ओळीच्या दुसऱ्या टोकाला. रकाने नव्याने आखा. पहिल्या बाजूवरून अंदाजाने विणू नका.

*तपासा:* दोन्ही खांदे १८-१८ टाके आहेत ना. एकीकडे १७ आले असतील तर खांद्यात एक टाका वाढवून झाकू नका, चुकलेली घट शोधा. गळ्याची तिरकी रेघ प्रकाशासमोर धरली तर ती लगेच दिसते.

टप्पा ८: जोडणी आणि गळा

क्रम बदलू नका: आधी फक्त उजवा खांदा, मग गळ्याची पट्टी, मग डावा खांदा, मग मुंढ्यांच्या पट्ट्या, सगळ्यात शेवटी काखेखालच्या शिवणी. दोन्ही खांदे आधी जोडले तर सरळ सुयांवर गळा विणता येत नाही.

१२ नंबर सुईवर, सुलट बाजू समोर ठेवून, डाव्या खांद्यापासून टाके उचला. गळ्याच्या उतारावर दर ४ ओळींना ३, म्हणजे ४२. व्हीच्या टोकाला दोन भागांमधला आडवा धागा उचलून १ टाका, त्याला खुणेची पिन. वर चढताना पुन्हा ४२. पाठीचे ३२. एकूण ११७. दर ओळीला एक असे टाके उचलले तर गळा लाटांसारखा फुगतो आणि कितीही वाफ दिली तरी बसत नाही.

उचलल्यानंतरची पहिली ओळ उलट बाजूने येते. एक उलट, एक सुलट अशी विणा, म्हणजे मधला टाका सुलट बाजूने सुलट दिसतो. त्यानंतर दर सुलट बाजूच्या ओळीला मधल्या टाक्याच्या अलीकडे दोन एकत्र, मधला सुलट, पलीकडे दोन एकत्र. बाकी टाके दिसतील तसे. सात ओळी झाल्या की ९ नंबर सुईने बंद करा.

*तपासा:* डावा खांदा शिवण्याआधी गळ्याची पट्टी टेपवर ताणून बघा. मुलाच्या डोक्याच्या घेरापेक्षा इंचभर जास्त ताणली पाहिजे, आपल्या उदाहरणात २२ इंच. ताणत नसेल तर फक्त बंद केलेली ओळ उसवा आणि आणखी सैल बंद करा. खांदा शिवल्यावर हेच करायला संध्याकाळ जाते.

मुंढ्याच्या पट्टीला प्रत्येक बाजूला ४८, एकूण ९६ टाके. सहा ओळी, सैल बंद. काखेच्या शिवणी बोथट सुईने, दोन्ही भागांची सुलट बाजू वर ठेवून, कडेच्या आतले आडवे धागे आळीपाळीने उचलत शिवा. खालच्या पट्टीपासून सुरू करा, म्हणजे दोन्ही पट्ट्यांच्या कडा एका रेषेत येतात.

टप्पा ९: धुणं, वाळवणं

कोमट पाण्यात, पिळून न काढता. जाड टॉवेलात गुंडाळून दाबा, पाणी टॉवेल ओढून घेतो. दुसऱ्या कोरड्या टॉवेलावर मापाने पसरवून सावलीत वाळवा. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर पाण्याच्या वजनाने खाली ओढला जातो आणि तुमचे १७ इंच १९ होतात.

*इशारा:* ॲक्रिलिकला गरम इस्त्री टेकवू नका. एकदा उष्णता लागली की पट्टीची ताण कायमची जाते, वीण लुळी पडते आणि चकाकते. ते दुरुस्त होत नाही.

आतल्या बाजूला, काखेच्या शिवणीवर, मुलाचं नाव आणि इयत्ता लिहिलेली फीत टाका. मधल्या सुट्टीनंतर एका रंगाचे पाच-सहा स्वेटर बाकावर पडलेले असतात.

उरलेल्या लोकरीची कानपट्टी

सायकलवरून किंवा रिक्षाच्या उघड्या बाजूला बसून जाणाऱ्या मुलांचे कान सकाळी गार पडतात. १० नंबर सुईवर २४ टाके, एक सुलट एक उलट, १८ इंच लांबी, टोकं जोडा. डोक्याच्या घेरापेक्षा अडीच-तीन इंच कमी ठेवायची, नाहीतर ती डोळ्यांवर घसरते. डोक्याच्याच मापाची विणणं ही इथली एकमेव आणि नेहमीची चूक.

तरीही वीसेक ग्रॅम लोकर बाजूला काढा. पुठ्ठ्यावर गुंडाळा, लॉट नंबरची पट्टी तिलाच लावा आणि स्वेटर धुवाल तेव्हा तीही बरोबर धुवा, म्हणजे दोघांचा रंग सारखाच फिका होत जाईल. दप्तराच्या चेनमध्ये अडकून एखादा टाका तुटलाच, तर फेब्रुवारीत दुरुस्तीला त्याच रंगाची लोकर हाताशी असेल.